यंत्रमानवाची माया आणि वेठीचा इतिहास

या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्ही शाळेच्या ग्रंथालयाविषयी लिहावे, असे सुचविले होते. ग्रंथसंख्या, वर्षागणिक पडलेली भर, वाचन प्रेरणा दिनाचे कार्यक्रम ही माहिती अहवालात येईलच. आम्ही येथे एका पुस्तकाविषयी, आणि त्यावरून आपल्या पालकांत, माजी विद्यार्थ्यांत व शिक्षकांत जो मतभेद झाला त्याविषयी लिहीत आहोत. तो मतभेद अद्याप मिटलेला नाही. शाळेच्या वाटचालीचा इतिहास पुढे कोणी लिहील, तेव्हा ही लहानशी गोष्ट त्यातून निसटू नये आणि आमचे मतही नोंदले जावे, एवढाच हेतू आहे.

आपल्या वसतिगृहात सायंकाळची बुद्धवंदना व जेवण आटोपल्यावर आणि रात्रीच्या अभ्यासापूर्वी अर्धा तास गोष्टींसाठी राखून ठेवलेला असतो. या अर्ध्या तासात आम्ही आजवर जातककथा सांगितल्या, थेरींच्या जीवनकथा सांगितल्या, बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील प्रसंग सांगितले. गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याने ग्रंथालयास पीटर ब्राउन या अमेरिकन लेखक-चित्रकाराची ‘द वाइल्ड रोबोट’ ही २०१६ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी भेट दिली. तिच्यावर २०२४ साली निघालेला चित्रपट काही मुलांनी सुटीत मोबाइलवर पाहिला होता आणि मूळ पुस्तकात काय आहे ते सांगा, असा त्यांचा आग्रह होता. प्रकरणे लहान लहान आहेत. रोज दोन-तीन वाचून आम्ही ती मुलांना मराठीतून सांगू लागलो.

कथा थोडक्यात अशी. यंत्रमानवांची खोकी घेऊन जाणारे एक जहाज वादळात बुडते. एकच खोके शाबूत राहून निर्मनुष्य बेटाच्या किनाऱ्याला लागते. खेळता खेळता पाणमांजरांचा धक्का लागून त्यातले यंत्र जागे होते. त्या यंत्राचे नाव ‘रॉझम, क्रमांक ७१३४’; पुढे नुसते रॉझ. बेटावरची जनावरे तिला राक्षस समजून दूर पळतात. जवळ गेली की हुसकावतात. रॉझ झाडाझुडपांत मिसळून निश्चल उभी राहते आणि पाहून, ऐकून त्यांची भाषा शिकते. एके दिवशी कड्यावरून तिचा तोल जातो आणि तिच्या पडण्याने रानहंसांचे एक कुटुंब मरते. उरते ते एक अंडे. ती ते उबविण्याची व्यवस्था करते, पिल्लू वाढविते, त्याला पोहायला आणि उडायला शिकविते. कडाक्याच्या हिवाळ्यात तिच्याच घरात, तिने पेटविलेल्या आगीपाशी, शिकारी आणि सावज एका छपराखाली येऊन रात्र काढतात. शेवटी तिला परत नेण्यासाठी कारखान्याची यंत्रे येतात. बेटावरचे सारे जीव तिच्या बाजूने लढतात. परंतु मोडकळीस आलेली रॉझ पिल्लाचा निरोप घेऊन विमानात बसते.

शेवटच्या रात्री सभागृहात बराच वेळ कोणी उठले नाही. सहावीतली एक मुलगी उशीत तोंड खुपसून रडली, असे अधीक्षिका ताईंनी दुसऱ्या दिवशी सांगितले. मुले सुटीत घरी गेली आणि गोष्टही त्यांच्याबरोबर घरी गेली. तेथून वादास आरंभ झाला.

एका पालकांचे शाळेस पत्र आले. ते मुंबईत स्वच्छता खात्यात नोकरीस आहेत आणि त्यांचा मुलगा आपल्याकडे सातवीत आहे. पत्रातला सूर नम्र होता, मागणी स्पष्ट होती. गोष्टींचा अर्धा तास बंद करून तो शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीस द्यावा. मुलाला वसतिगृहात ठेवले आहे ते शिकून पुढे जाण्यासाठी. परदेशी परीकथा ऐकून डोळे पुसण्यासाठी नव्हे. शालेय समितीने या पत्रावर पालक व माजी विद्यार्थ्यांचे मत घ्यावयाचे ठरविले. आपल्या मुलांपैकी बरीच मुले परळ, लालबाग, नायगाव, दादर या भागातली असल्याने मे महिन्यातल्या एका रविवारी परळच्या एका विहाराच्या सभागृहात बैठक झाली. पत्राचा विषय काढण्याआधी आम्ही ती कथा सर्वांना पुन्हा थोडक्यात सांगितली. चित्रपट पाहिलेलेही काही होते. मग जे बोलणे झाले, तसे आमच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत एखाद्या पुस्तकावर झालेले आम्हांस आठवत नाही.

पहिले बोलले ते एक वृद्ध गृहस्थ. ते लालबागच्या एका गिरणीत कताई खात्यात तीस वर्षे होते. ते म्हणाले, “त्या पोरीचा नंबर ७१३४. गिरणीत माझाही नंबर होता. मुकादम नंबराने हाक मारायचा. नाव विचारणारा पहिला माणूस मला युनियनमध्ये भेटला.” रॉझला बेटावर पहिल्यांदा कोणी ‘आई’ म्हणून हाक मारते, तो प्रसंग त्यांना सर्वांत आवडला होता.

परळच्या एका रुग्णालयात आया म्हणून काम केलेल्या एक मावशी म्हणाल्या, “दुसऱ्याचं पिल्लू वाढवायचं, मोठं करायचं आणि गाडी आली की निघून जायचं, हे आम्ही बायकांनी जन्मभर केलं. आमच्यावर कोणी पिक्चर काढला नाही. पण गोष्ट खरी आहे, सर. माया लागते. पगारात ती धरलेली नसते, तरी लागते.”

संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याचे मत अगदी उलट होते. यंत्राला मन नसते. मन असल्याचे भासविणारी यंत्रे आता बाजारात येत आहेत आणि अशा कथा वाचून वाढलेली पिढी त्या भासाला भुलेल, असे त्याने सांगितले. आपण शाळेत जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ वाचली होती, त्यात यंत्रमानवाविषयी सावधपणा होता. येथे निव्वळ गहिवर आहे, अशी तुलनाही त्याने केली. एका शिक्षिकेने यावर विचारले, की जातकांत बोलणारा हंस आणि माकड चालते, तर बोलणारे यंत्र का चालू नये? सभागृहात थोडे हसू उमटले.

मग पत्र लिहिणारे पालक उठले. त्यांचे शब्द आम्ही जसेच्या तसे लिहून ठेवले आहेत. “सर, माझे वडील मॅनहोलमध्ये उतरत होते. वर आले की बिल्डिंगचे लोक नाकाला रुमाल लावायचे. त्यांच्यासाठी कोणी रडलं नाही. माझ्या मुलाने लोखंडासाठी रडावं, हे मला परवडत नाही.”

आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. अध्यक्षांनी चहा सांगितला आणि बैठक बरखास्त झाली. त्यानंतरच्या काही महिन्यांत या वाक्याचा आम्ही जो विचार केला, तो पुढे मांडत आहोत.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. ज्या शब्दावरून वाद, त्या शब्दाच्या कुळाकडे प्रथम पाहणे ही आमची सवय आहे. ‘रोबोट’ हा शब्द जगाला दिला तो कारेल चापेक या चेक नाटककाराने. त्याचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१च्या जानेवारीत प्राग येथे रंगभूमीवर आले. त्यातील कारखान्याचे नाव रॉसम. पीटर ब्राउनच्या ‘रॉझम’मध्ये त्याचा प्रतिध्वनी सहज ऐकू येतो. कृत्रिम कामकऱ्यांना काय म्हणावे, हे चापेकला सुचत नव्हते. तेव्हा त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने हा शब्द सुचविला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर सक्तीने करावयाचे विनामोबदला काम. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ही पद्धत १८४८ साली कायद्याने बंद झाली. शब्द मात्र लोकांच्या स्मरणात राहिला.

मराठीत या रोबोटासाठी शब्द शोधण्याची आम्हांस गरज नाही. तो आपल्या घरातच आहे: वेठ. महार वतनाने आपल्या पूर्वजांवर लादलेली वेठ याच जातीची होती. सरकारी निरोप पोहोचविणे, अंमलदाराचे ओझे वाहणे, गावाची राखण करणे, मेलेले जनावर ओढणे. दिवसाच्या कोणत्याही प्रहरी हाक आली की हजर होणे. वतनदार हाती लागला नाही, तर त्याच्या घरातला दुसरा माणूस कामावर नेला जाई. मोबदल्यात तुटपुंजी जमीन आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ते पुढे मागे घ्यावे लागले. ही वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८च्या कायद्यान्वये. चापेकचा रोबोट रंगभूमीवर आला, तेव्हा महाराष्ट्राच्या गावोगावी हाडामांसाचे रोबोट राबत होते आणि बाबासाहेब उच्च शिक्षणासाठी लंडनमध्ये होते. परळच्या बी. आय. टी. चाळीत त्यांचे कुटुंब राहत असे. आमची बैठक झाली ते विहार त्याच परळमधले.

ती वेठ टाळण्यासाठी पुष्कळांनी मुंबई गाठली. गिरणीत रोख वेतन होते आणि काम संपल्यावर घरी जाण्याची मोकळीक होती. परंतु येथेही जात पाठ सोडीत नव्हती. विणाई खात्यात वेतन अधिक. तेथे धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा इतरांना चालत नसे. म्हणून आपल्या माणसांना त्या खात्याचे दार बंद होते. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठामपणे मांडला. यंत्र होते, पाळी होती, तिकीट होते; आणि त्या यंत्राजवळ कोणाचे ओठ जावेत, हे जात ठरवीत होती. आमचे वडील लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. भोंगा थांबल्यावर चाळीत जी शांतता पसरली, ती आम्हांस आजही आठवते. वडिलांना मात्र ती ऐकू आली नसावी. खात्यातल्या आवाजाने त्यांचे कान तोपर्यंत गेले होते.

हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला की त्या पालकांचा राग यथार्थ वाटतो. ज्या समाजाने माणसाला यंत्र केले आणि त्याबद्दल कधी डोळे ओले केले नाहीत, त्याच समाजाच्या मुलांनी यंत्राला माणूस मानून गहिवरावे, हा विरोधाभास बोचतो. आम्ही त्याहून पुढे जाऊन म्हणतो, की प्रेमळ सेवकाची कथा ही मालकवर्गाची फार जुनी आवड आहे. मनुस्मृतीने शूद्रासाठी एकच कर्म सांगितले: इतर तीन वर्णांची सेवा, आणि तीही असूया न बाळगता. ही अट नीट पाहावी. धर्मशास्त्राला नुसते श्रम पुरले नाहीत; श्रम करणाऱ्याचे मन निर्मळ, तक्रार नसलेले, शक्य तर कृतज्ञ असावे, अशीही त्याची अपेक्षा होती. १९४२ साली आयझॅक असिमॉव्ह या लेखकाने आपल्या कथेत यंत्रमानवांसाठी तीन नियम घातले. माणसाला इजा करू नये, माणसाची आज्ञा पाळावी आणि या दोहोंच्या मर्यादेत स्वतःचे रक्षण करावे. यंत्रासाठी हे नियम शहाणपणाचे आहेत. पण दुसऱ्या नियमाशी आम्ही क्षणभर थांबतो. ज्याचे अस्तित्व आज्ञेच्या खाली लिहिलेले आहे, अशा जिवाचा नियमग्रंथ आपल्या देशात फार पूर्वी तयार झाला होता आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो जाळावा लागला.

म्हणून यंत्रमानवाची कोणतीही प्रेमळ कथा हाती आली, की आम्ही एकच प्रश्न विचारतो: या यंत्राची माया कोणासाठी आहे? ती मालकाकडे वाहते की अनाथाकडे? मालकाच्या पायाशी बसणारे, त्याच्या एका कौतुकाच्या शब्दासाठी स्वतःस मोडून घेणारे यंत्र असेल, तर ती कथा मनूचीच आहे. पोशाख तेवढा लोखंडाचा. रॉझची कथा या कसोटीवर वेगळी ठरते. तिला बेटावर कोणी मालक नाही. जे पिल्लू ती वाढविते ते तिने पाहिलेले सर्वांत दुर्बळ आहे, आणि ते अनाथ झाले ते तिच्याच चुकीने. ती चूक ती नाकारत नाही आणि तिच्या नावाने रडतही बसत नाही. अंडे उचलते आणि कामाला लागते. न्यायला आलेली यंत्रे तिला सांगतात, की ती कारखान्याची आहे. ती उत्तर देते, की तिचे घर येथे आहे. बेटावरचा तिचा प्रत्येक संबंध तिने स्वतः जोडलेला आहे. तिच्या बनावटीत तो भरून दिलेला नव्हता. आपल्या धम्मात मैत्री आणि करुणा यांना जे स्थान आहे, ते अशाच संबंधांसाठी आहे. जन्माने मिळालेल्या नात्याबाहेर, लाभाची अपेक्षा न धरता, दुसऱ्याच्या दुःखाशी जोडून घेणे म्हणजे मैत्री. आणि भगवंतांनी उपासकास वर्ज्य ठरविलेल्या पाच व्यापारांत प्राणिमात्रांचा, म्हणजे माणसांच्या खरेदी-विक्रीचाही, व्यापार येतो हे आपल्या मुलांना ठाऊक आहे.

पाली वाङ्मयातही यंत्रांच्या कथा आहेत, हे पुष्कळांस ऐकून नवल वाटेल. अजातशत्रूने भगवंतांच्या धातूंचा निधान बांधविला आणि त्याच्या रक्षणासाठी शस्त्रधारी यंत्रपुरुष उभे केले, अशी परंपरागत कथा आहे. अकराव्या-बाराव्या शतकातील ‘लोकपञ्ञत्ति’ या ग्रंथात ती विस्ताराने येते. त्या यंत्रांची विद्या दूरच्या रोमविषयातून आली, असेही तेथे म्हटले आहे. पुढे सम्राट अशोक तेथे पोहोचेपर्यंत ते यंत्रपुरुष पहारा देत राहिले. तेव्हा यंत्रांच्या कल्पनेला ‘परदेशी’ म्हणून दूर सारण्याचे आपणांस काही कारण नाही. मात्र त्या कथेत ते पहारेकरी थकले का, असे कोणी विचारलेले नाही. तो प्रश्न आपल्या वसतिगृहातल्या मुलांनी विचारला. रॉझला सुटी कधी असते, हा पाचवीतल्या एका मुलाचा पहिल्याच आठवड्यातला प्रश्न होता.

आता त्या पालकांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो: गटारात उतरणारा माणूस. हाताने मैला साफ करविण्यास बंदी करणारा व त्या कामातील माणसांचे पुनर्वसन सांगणारा कायदा २०१३ साली झाला. गटारात मृत्यू आल्यास कुटुंबास तीस लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. तरी अशा मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. केरळातील काही तरुण अभियंत्यांनी २०१८ साली मॅनहोल साफ करणारे ‘बँडिकूट’ नावाचे यंत्र तयार केले. माणसाने वर उभे राहावे आणि यंत्राने खाली उतरावे, एवढीच त्यामागील कल्पना. ज्या देशाने मंगळाकडे यान पाठविले, त्या देशाला मॅनहोलमध्ये यंत्र पाठविण्यास इतका विलंब का लागला, याचे उत्तर तंत्रविद्येत मिळणार नाही. ते काम फुकट किंवा अल्प मोलात करणारी माणसे जन्मानेच ठरवून ठेवलेली होती. मग यंत्राचा खर्च कोण करील?

यंत्राविषयी बाबासाहेबांचे मत या संदर्भात फार मोलाचे आहे. १९४५ सालच्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स’ या ग्रंथातील गांधीवादावरील प्रकरणात त्यांनी यंत्रविरोधी विचाराचा समाचार घेतला आहे. त्यांच्या विवेचनाचा आशय असा, की पशूप्रमाणे केवळ पोटासाठी राबण्यातून माणसाची सुटका व्हावयाची तर त्याला फुरसत हवी आणि ती फुरसत यंत्राशिवाय मिळणार नाही. यंत्रयुगात जे अनिष्ट दिसते त्याचा दोष यंत्रास नसून, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेस आहे. हाच विचार त्यांनी मजूरमंत्री असताना व्यवहारात आणण्याचा प्रयत्न केला. १९४६च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. फुरसत हा शब्द आमच्या वडिलांच्या तोंडी कधी आला नाही. थकवा हा शब्द मात्र रोज येई. आपल्या वसतिगृहातला तो अर्धा तास आम्ही याच दृष्टीने पाहतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना फुरसत मिळाली नाही, त्यांच्या नातवंडांच्या हिशेबी जमा झालेली ती अर्ध्या तासाची फुरसत आहे.

त्या पालकांच्या मुलाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. शाळा पुन्हा भरल्यावर आम्ही सातवीच्या वर्गास निबंधाचा विषय दिला, ‘रॉझ माझ्या घरी आली तर’. बहुतेकांनी लिहिले, की ती आईला भांडी घासू लागेल, पाण्याची बादली चढवील, आपला गृहपाठ करील. या मुलाने पाच-सहा ओळीच लिहिल्या. त्यांचा सारांश असा: रॉझला मी काम सांगणार नाही, कारण तिला मन आहे. तिला बेटावर पाठवीन. गटार साफ करण्यासाठी मी दुसरे यंत्र बनवीन, त्याला मन ठेवणार नाही. आजोबांना मन होते, तरी त्यांना उतरविले.

आम्ही ती वही वर्गात वाचून दाखविली नाही. मुलाच्या परवानगीने त्याच्या वडिलांना पाठविली. त्यांचा फोन आला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “सर, त्याला आजोबांचं मी कधी सांगितलं नव्हतं. बैठकीत मागे बसून ऐकलं असेल.” अर्धा तास बंद करावा की नाही, यावर त्यांनी काही मत दिले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

त्या मुलाने जो भेद केला, तो या साऱ्या चर्चेत आम्हा मोठ्यांपैकी कोणी केला नव्हता. ज्याला मन आहे त्याला वेठीस धरू नये. जे काम माणसाचे मन मारते ते मन नसलेल्या यंत्राकडे द्यावे. संगणक क्षेत्रातल्या आमच्या माजी विद्यार्थ्याची भीतीही यात सामावते, कारण मुलाने दोन यंत्रांत गल्लत केलेली नाही. कथेतली रॉझ ही कथेतली आहे, हे त्याला समजते. लोखंडासाठी रडलेली मुले माणसासाठी रडणार नाहीत, अशी शंका पालकांनी बोलून दाखविली होती. या एका वहीत तरी उलट घडलेले दिसले. रॉझपासून निघालेला रस्ता आजोबांपर्यंत गेला. प्रत्येक मुलाचा जाईलच, असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ मुलांनी रॉझला भांडी घासायला लावली, हेही खरे आहे आणि त्यावर शिक्षकांनी काम करावयाचे आहे.

यावरून आमच्या सूचना अशा. गोष्टींचा अर्धा तास कायम ठेवावा. शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी सकाळच्या वेळापत्रकात जागा करावी, कारण पालकांची ती चिंता रास्त आहे आणि आम्ही ती हलकी लेखत नाही. आठवीपासून पुढच्या मुलांना अशा कथेबरोबर महार वतनाचा, गिरणगावाचा आणि सफाई कामगारांचा इतिहास जोडून शिकवावा, म्हणजे ‘रोबोट’ हा शब्द उच्चारताना त्यांना त्यातली वेठ ऐकू येईल. आणि तिसरी सूचना आपल्या चळवळीतील प्रकाशकांसाठी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा आपला समाज शिवाजी पार्कवरील दुकानांतून जेवढी पुस्तके विकत घेतो, तेवढी क्वचितच कोठे घेतली जात असतील. त्या दुकानांत चरित्रे असतात, भाषणे असतात, खंड असतात. दहा वर्षांच्या मुलीने हाती घेऊन तेथेच वाचत बसावे, असे कथेचे पुस्तक मात्र आमच्या पाहण्यात फार थोडे येते. आपल्या लेखकांनी ते लिहावे. तेथून थोड्या अंतरावर, पूर्वी जेथे इंदू मिल होती त्या जागी, बाबासाहेबांचे स्मारक उभे राहत आहे. जेथे माणसे नंबराने ओळखली गेली त्या जमिनीवर उद्या मुले सहलीला जातील. त्यांच्या पिशवीत डब्याबरोबर एखादे गोष्टीचे पुस्तकही असावे.

रॉझ परत का गेली, हा प्रश्न मुले अजून विचारतात. या कथेचा दुसरा भाग २०१८ साली निघाला असून त्याच्या नावातच रॉझच्या सुटकेची वार्ता आहे. तो ग्रंथालयासाठी मागविला आहे. समितीने परवानगी दिल्यास वर्षावासात सांगावयास घेऊ.

जय भीम! नमो बुद्धाय!